गाळलेली सकाळ

"पहिली दीडशे पानं नकोत," गुर्जरबाई म्हणाल्या.

चहात साखर नको, असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. टेबलावर माझं हस्तलिखित तीन गठ्ठ्यांत पडलं होतं. तासगावहून पुण्यापर्यंत एस.टी.त मी ते मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं.

"नकोत म्हणजे?"

"म्हणजे काढून टाका. आजोबांनी जमीन कशी घेतली, वडील सायकलवरून शाळेत कसे जायचे, गावची जत्रा, लग्नाच्या पंगती. तुमच्या आक्काचा यात काहीच संबंध नाही. वाचणारा तिच्यासाठी आलाय आणि तुम्ही त्याला दारात उभं करून घराण्याची माहिती देताय."

"माणसं कुठून आली हे कळायला नको?"

"कळेल. न सांगता कळतं." त्यांनी दुसरा गठ्ठा पुढे ओढला. त्याच्यावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या. एका पानावर वरच्या कोपऱ्यातून खालच्या कोपऱ्यापर्यंत एकच तिरपी रेघ. ते पान लिहायला मला आठवडा लागला होता. "हे कोर्टाचं सगळं. साक्षी, उलटतपासणी, वकिलांची भाषणं. नलिनीताई, राग मानू नका, पण ही कादंबरी नाही झालेली. ही फिर्याद आहे. आणि फिर्याद तुम्ही एकदा दिलेली आहे."

राग मानू नका! माझी सख्खी बहीण सासरच्या विहिरीत सापडली. पुराव्याअभावी सगळे निर्दोष सुटले, पेढे वाटत गावात फिरले. ती गेल्यावर पंधरा वर्षांनी मी हे नऊशे पानांचं लिहिलं, शाळा सांभाळून, भूगोलाचे पेपर तपासून झाल्यावर. आणि पंख्याखाली बसलेली ही बाई मला सांगत होती की फिर्याद देऊन झालेली आहे.

"तुम्हाला हे प्रकाशित करायचं नसेल तर तसं सांगा," मी म्हणाले.

"करायचं आहे. म्हणून तर रेघा मारल्या. नको असतं तर दोन ओळींचं पत्र पाठवलं असतं." त्यांनी चष्मा काढला. "एक विचारते. हे बघा. इथं आक्का माहेरी येते. पावसाळा आहे, हातात कापडी पिशवी आहे, बरोबर कुणी नाही. फार चांगलं लिहिलंय. आणि पान उलटलं की ती सासरी. विहिरीच्या प्रकरणात. मधे काय झालं? ती परत कशी गेली? कोण सोडायला गेलं?"

"गेली."

"एखादं पान गहाळ झालंय का?"

"नाही. तेवढंच आहे."

"नऊशे पानांत पंगतीला वाढलेली कोशिंबीरसुद्धा आहे," बाई शांतपणे म्हणाल्या, "आणि हे नाही."

मी गठ्ठे उचलले, पिशवीत कोंबले आणि जिना उतरले. चहा तसाच राहिला. स्वारगेटला येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांना इतकं काही ऐकवलं की रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, "काय म्हणालात ताई?"

*

आण्णा वाटच बघत होते. दारात चपला काढायच्या आत त्यांनी विचारलं, "कधी काढतायत?"

आण्णा म्हणजे माझे वडील. तालुक्यात त्यांना माळवदे सर म्हणून ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले, पण त्यांची खरी ओळख वेगळी होती: मुलीसाठी लढलेला बाप. आक्का गेल्यावर त्यांनी केस लढवली, सांगलीच्या कोर्टात खेटे घातले, जिल्हाभर हुंड्याविरुद्ध सभा घेतल्या. टोपी, इस्त्रीचं धोतर, आणि आवाज असा की मागच्या ओळीतल्या बायकाही पदर डोळ्याला लावायच्या. "मी एक मुलगी गमावली," ते म्हणायचे, "तुमची गमावू नका."

पुस्तकाची कल्पनाही अर्धी त्यांचीच होती. मी लिहायला बसले की ते खुर्ची ओढून शेजारी यायचे. "साक्षीदार कसे फिरले ते घातलंस का? तो वकील खाली बसताना काय बोलला ते घाल. तुझ्या आजोबांनी काय कष्ट केले ते आधी यायला पाहिजे, म्हणजे घराणं कळेल." मी घालत गेले. आई स्वयंपाकघरातून चहा आणून द्यायची, कप ठेवायची, निघून जायची. तिला कधी कुणी विचारलं नाही काय घालायचं ते.

"दीडशे पानं काढा म्हणाल्या," मी सांगितलं. "आणि कोर्टाचं सगळं."

आण्णांच्या कपाळाची शीर फुगली. "पुण्यात बसून हिला काय कळतंय? तिची मुलगी गेलीय का? एक अक्षर कमी करायचं नाही. दुसरा प्रकाशक बघू. नाहीतर आपण छापू."

त्या दिवशी आम्ही बापलेक एका बाजूला होतो. जेवताना दोघांनी मिळून गुर्जरबाईंचा उद्धार केला. आई वाढत होती. मधेच तिनं विचारलं, "आनि काय म्हनल्या त्या?"

"आणखी काय म्हणणार," मी म्हणाले. मधल्या पानाचं मी बोलले नाही.

*

मे महिन्याची सुट्टी लागली आणि मी ठरवलं की त्या बाईंचं म्हणणं खोटं पाडायचं. सगळी काटछाट त्यांच्या सांगण्याप्रमाणे करायची, तसंच्या तसं, आणि मग ते पुढ्यात टाकायचं: बघा, काय उरलं. हाडं उरली. आता तुम्हीच छापा ही हाडं.

गच्चीवरच्या खोलीत मी पानं पसरली. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून खाटेवर, फरशीवर, सगळीकडे पानांवर दगड ठेवले. बाहेर गच्चीवर आई कुरडया घालत होती. मला वाक्यं मोठ्यानं वाचून बघायची सवय आहे. वाचायची, रेघ मारायची, पुढचं वाचायचं. आईच्या हातातल्या सोऱ्याचा आवाज आणि माझा आवाज, दिवसभर एवढंच.

आजोबा गेले. जत्रा गेली. लग्नाच्या चाळीस पानांतून पंगती काढल्या, वरमाईचे रुसवे काढले, बँडवाले काढले. काढता काढता एक परिच्छेद उरला. हळदीच्या अंगानं आक्का उठते, कोपऱ्यात रडत बसलेल्या धाकटीला जवळ घेते आणि तिच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधते. रिबिनीला हळद लागते. बस. मी तो एकटा परिच्छेद वाचला आणि पेन्सिल खाली ठेवली. चाळीस पानांत तो कुठं होता? मीच लिहिला होता, आणि मलाच तो दिसला नव्हता.

मला राग आला. बाई बरोबर होत्या याचा राग आला. पण हात थांबेना.

सासूच्या मागं मी विशेषणांची रांग लावली होती: कजाग, कपटी, काळ्या मनाची. सगळी खोडली. दुधाच्या कपाटाला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचणारी एक बाई तेवढी उरली, आणि ती आधीपेक्षा भयंकर दिसायला लागली. दाजींच्या दारूवरचं माझं प्रवचन काढलं. ते जेवताना आक्काच्या ताटाकडे बघतात आणि ती घास हातात धरून थांबते, एवढं ठेवलं. कोर्टाची अडीचशे पानं एका वाक्यात मावली: सगळे सुटले.

मग एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली. गळून पडत होती ती बहुतेक पानं आण्णांनी सांगितलेली होती. एवढंच नव्हे, कादंबरीतले आण्णा जिथं जिथं बोलत होते, तिथलं सगळं पडत होतं. प्रत्येक प्रसंगाला त्यांच्या तोंडी काहीतरी उदात्त होतं. लग्नात, दवाखान्यात, पोलीस ठाण्यात. सभेत बोलावं तसं ते घरातही बोलत होते. रेघ मारली की काहीच बिघडत नव्हतं. उलट हवा यायची.

आणि जसजसं पुस्तक बारीक होत गेलं, तसतसं ते एका जागेकडे सरकत गेलं. नऊशे पानांत ती जागा झाकली गेली होती. आता तिच्या आजूबाजूला काही राहिलंच नाही. आक्का कापडी पिशवी घेऊन दारात उभी. आणि पुढच्या पानावर विहीर.

बाईंना मी म्हटलं होतं, तेवढंच आहे. ते तेवढंच नव्हतं. मी त्या घरात होते. शाळेचं शेवटचं वर्ष होतं माझं, आणि जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं. पंधरा वर्षं आम्ही सगळ्यांनी आक्काच्या सासरच्या, जतकडच्या माणसांना शिव्या दिल्या. त्या त्यांनी कमावल्याच होत्या, त्यात एक कमी करायचं कारण नाही. पण त्या शिव्यांच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. यावं असं आमच्या घरात कुणाला वाटतही नव्हतं.

मी कोरा कागद घेतला. सगळं काढून झाल्यावर लिहिलेलं ते पहिलं प्रकरण.

*

मी लिहिलं ते असं.

आक्का दुपारी आली. आण्णा ओरडले नाहीत. कुणीच ओरडलं नाही. आण्णांनी तिला जवळ बसवलं, डोक्यावरून हात फिरवला, "वाळलीस गं," म्हणाले. तिनं बाही वर करून दंड दाखवला. चिमट्याच्या चटक्यांचे डाग होते, नवे आणि जुने. आण्णांनी बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली. म्हणाले, "मी बोलतो त्यांच्याशी." आक्का म्हणाली, "आण्णा, बोलू नका. मला ठेवून घ्या." रात्री ती माझ्या शेजारी झोपली, कितीतरी दिवसांनी पोटभर झोपली.

सकाळी आण्णा अंघोळ करून, टोपी घालून, तयार होऊन बाहेरच्या खोलीत उभे होते. "चल," ते म्हणाले. "मी सोडून येतो."

आक्काला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली, "मी नाही जात."

"असं करून कसं चालेल? धाकटी अजून घरात आहे. थोरली परत आलेली म्हटल्यावर हिला कोण करून घेणार? तू शहाणी ना?"

आक्कानं माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत माझ्याबद्दल राग नव्हता; असता तर बरं झालं असतं. ती परत आण्णांकडे वळली. "तुमच्या शाळेत शिपाई लागतो की. मी झाडलोट करीन. मागच्या खोलीत राहीन. कुणाला दिसणारसुद्धा नाही."

आण्णा हसले. खरोखर हसले. "वेडी का काय? हेडमास्तरची मुलगी तू."

आई आत भाकरी बांधत होती. आण्णांनी आक्काची पिशवी स्वतः उचलली. ती दोघं रस्त्यानं स्टँडकडे गेली, पुढं आण्णा, मागं आक्का. जतच्या गाडीला खिडकीजवळची जागा मिळाली, असं संध्याकाळी शाळेतून घरी आल्यावर आण्णांनी समाधानानं सांगितलं. पुढच्या सोमवारी निरोप आला.

सात पानं झाली. एकही विशेषण नव्हतं. मला कुणी तरी स्थळ आणावं आणि मी नाही म्हणावं, असं नंतर सहा-सात वेळा झालं. ते मी लिहिलं नाही. त्याची गरज नव्हती.

*

आण्णांनी नवा मसुदा मागून घेतला. "बघू काय काय कापलंस," म्हणाले. त्यांना वाटत होतं मी हरले, बाईंचं ऐकलं. मी दिला. लपवण्यात मला आता रस नव्हता.

दोन दिवस ते बाहेरच्या खोलीत वाचत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. पानं नीट लावून टीपॉयवर ठेवलेली होती. हातात लाल शाईचं पेन होतं, तेच वह्या तपासायचं.

"चांगलं झालंय," ते म्हणाले. "मला वाटलं नव्हतं. छोटं झालं पण धारदार झालं. ती सासू तर डोळ्यापुढं उभी राहते."

मी पानं उचलायला हात पुढे केला.

"फक्त हे एक प्रकरण काढ." त्यांनी सात पानं वेगळी केली. पहिल्या पानावर मोठी लाल फुली होती. "हे विषयाला सोडून आहे."

"हाच विषय आहे, आण्णा."

"विषय काय आहे? हुंडाबळी हा विषय आहे. गुन्हेगार कोण हे स्पष्ट पाहिजे. असं इकडचं तिकडचं घातलंस की वाचकाचं लक्ष विचलित होतं. उद्या तीच माणसं हे पुस्तक नाचवतील. बघा म्हणतील, बापानंच ढकललं."

"यातलं काय खोटं आहे?"

"खोट्याखऱ्याचा प्रश्न नाही."

"मग कशाचा आहे?"

त्यांचा आवाज चढला. "मी काय केलं नाही तिच्यासाठी? पाच वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढलो. गावोगाव फिरलो. माझ्या भाषणांनी किती पोरी वाचल्या असतील, मोजलंस कधी?"

"ती गेल्यावर, आण्णा. हे सगळं ती गेल्यावर. ती जिवंत होती तेव्हा तुम्ही तिला एसटीत बसवून आलात. खिडकीजवळ."

"तेव्हा सगळे बाप तेच करायचे!"

"मग तेच लिहिलंय. सगळ्या बापांना वाचू दे."

"तुझ्यासाठी केलं मी ते!" ते उभे राहिले. "तुझ्यासाठी! तुझं लग्न व्हावं म्हणून! आणि तू?"

एवढी वर्षं हे वाक्य घरात कुठं तरी होतं आणि आज ते माझ्यावर फेकायला बाहेर काढलं होतं. मी म्हणाले, "मला विचारून केलंत? मी शाळेत जाणारी पोर. माझं नाव वापरलंत तुम्ही. तुम्हाला भीती माझ्या लग्नाची नव्हती, हेडमास्तरच्या घरात परत आलेली मुलगी दिसेल, त्याची होती. ती झाडू मारायला तयार होती, आण्णा. तुम्ही हसलात."

ते खाली बसले. बराच वेळ ते फुली मारलेल्या पानाकडे बघत होते. मग अगदी वेगळ्या, लहान आवाजात म्हणाले, "माझ्या माघारी छाप. किती दिवस राहिलेत माझे?"

त्या आवाजानं मी क्षणभर हलले. आजही तो आठवला की हलते. पण मग मला आण्णांनी हसून टाळलेला आक्काचा अर्ज आठवला, मागच्या खोलीत राहीन म्हणालेला, कुणाला दिसणार नाही म्हणालेला. तिनंही थांबावं, हीच अपेक्षा होती सगळ्यांची. आणखी थोडं थांब. आता मेल्यावरही थांब.

"नाही," मी म्हणाले, आणि सात पानं उचलली.

"मग हे पुस्तक या घरात येणार नाही."

"नको येऊ दे."

*

मी पुन्हा वर गेले आणि त्या प्रकरणाची स्वच्छ प्रत करायला बसले. अक्षर वाकडं येत होतं. जिन्यावर पावलं वाजली. आई होती. कुरडया उचलायला आली असेल असं वाटलं, पण ती गच्चीवर न जाता खोलीत आली आणि खाटेच्या कडेला टेकली.

"काय लिवलंयस ते वाच," ती म्हणाली.

"आई, नको. तुला त्रास होईल."

"वाच म्हनते न्हवं."

आईनं माझं लिहिलेलं कधी मागितलं नव्हतं. ती चौथीपर्यंत शिकलेली. पेपर वाचायची, देवाची पोथी वाचायची. मी वाचायला लागले. आक्का आली, दंड दाखवला, झोपली. आई खिडकीबाहेर बघत होती. सकाळ झाली. टोपी घालून आण्णा उभे राहिले. शिपायाचं आलं तेव्हा आईनं डोळे मिटले. मी पुढं वाचलं: "आई आत भाकरी बांधत होती."

"थांब," आई म्हणाली.

मी थांबले.

"काय म्हनलीस? परत वाच."

मी परत वाचलं.

"मी आत हुते?"

"म्हणजे... होतीस ना, स्वयंपाकघरात—"

"भाकरी कवाच बांधून झाली हुती. पिशवीत घातली हुती मी." ती उठून उभी राहिली. तिला इतकं संतापलेलं मी आयुष्यात बघितलं नव्हतं. आण्णांवर नाही, सासूवर नाही, जतच्या माणसांवरही नाही. "तू बघितलंस की तुझ्या डोळ्यानं. तू हुतीस तिथं. मी कुठं हुते?"

मी खाली बघितलं. मला माहीत होतं.

"सांग की. कुठं हुते मी?"

"दारात."

"दारात. दार अडवून. दोन्ही हात असं धरून." तिनं हात पसरून दाखवले. तिच्या बोटांना कुरडईचा चीक वाळून चिकटला होता. "पोरगी मागं, बाप फुडं, आनि मी दारात. काय म्हनला तुझा बाप?"

"आई, राहू दे."

"काय म्हनला?"

"बाजूला हो म्हणाले."

"आनि मी?"

मी हातातलं पान खाली ठेवलं.

"झाले मी बाजूला," आई म्हणाली. "एवढं एकदाच म्हनला तो. दुसऱ्यांदा म्हनायला लागलं न्हाई. मी झाले बाजूला आनि ती माझ्या अंगाला घासून गेली. तिच्या पदराचा वारा लागला मला. आनि तू लिवतीस, आई आत भाकरी बांधत हुती?"

"तुला कशाला त्यात ओढायचं म्हणून मी—"

"मला विचारून वाचिवलंस?" तिचा आवाज फाटला. "सगळ्यांनी मला तसंच आत ठिवलंय. कोर्टात बी न्हाई बोलिवलं. तिच्या आईला काय माहीत असनार, म्हनं. तुझ्या बापाचं एवढं मोठं पुस्तक झालं, तुझं झालं, त्यात मी चा देती आनि भाकरी बांधती. माझी न्हवती का ती पोर? तिला घालवली त्यात माझा वाटा न्हवता का? तो बी काढून घेतलासा?"

तिनं हात खाली घेतले. मग म्हणाली, "घाल मला. जिथं हुते तिथं घाल."

मी पेन घेतलं. भाकरीची ओळ खोडली. ती सात पानं सोडली तर महिनाभर मी फक्त खोडत आले होते. तिच्या जागी मी एक वाक्य लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. तिनं मान हलवली, पदरानं तोंड पुसलं आणि गच्चीवर गेली. कुरडया उन्हात जास्त वाळल्या होत्या, उचलताना तुटत होत्या. ती एकेक उचलत राहिली.

*

मसुदा मी टपालानं पाठवला. त्याआधी सांगलीत खोली घेतली आणि शाळेजवळ राहायला गेले. आई दर पंधरा दिवसांनी यायची, भाजी-भाकरी घेऊन, आण्णांना सांगून. ते नाही म्हणाले नाहीत, पण स्वतः कधी आले नाहीत. त्या पावसाळ्यात त्यांना कवठेमहांकाळला सभेचं बोलावणं आलं होतं. प्रकृतीचं कारण सांगून त्यांनी ते नाकारलं, आणि त्यानंतर कुठल्याच सभेला ते गेले नाहीत. पुस्तक त्यांनी वाचलं की नाही, मला कळलं नाही. आई म्हणायची, तिच्या ट्रंकेतली प्रत दोनदा जागेवरून हललेली होती.

पण ते नंतरचं. पुस्तक छापायला जाण्याआधी गुर्जरबाईंचा शाळेत फोन आला. शिपायानं वर्गातून बोलावून आणलं. हेडमास्तरांच्या खोलीत, दोन शिक्षकांच्या देखत, मी रिसीव्हर कानाला लावला.

"नलिनीताई, मी एक शब्दही कापणार नाही आता," बाई म्हणाल्या. "मला माहीत होतं मधे काहीतरी आहे. पण इतकं..." त्या थांबल्या. "फक्त एका ठिकाणी विचारायचं होतं. त्या सकाळच्या प्रकरणात. सगळं वडील आणि मुलगी यांच्यात चाललंय, अगदी ताणलेलं, आणि मधेच एक वाक्य येतं. 'आई दार अडवून उभी होती. आण्णा म्हणाले, बाजूला हो, आणि ती झाली.' त्यानं जोर विभागला जातो असं मला वाटतंय. वडिलांवरचा ताण सैल होतो. ते काढलं तर?"

"ते राहील," मी म्हणाले.

"वाक्य चांगलं आहे. फक्त रचनेच्या दृष्टीनं—"

"बाई, तुम्ही सातशे पानं काढलीत. मी दिली. आणखी पन्नास मागा, देते. पण त्या वाक्याला हात लावायचा नाही. ते माझं नाही. ते माझ्या आईचं आहे आणि तिनं ते भांडून मिळवलंय."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"पेन्सिलीची रेघ होती," गुर्जरबाई म्हणाल्या. "पुसते."